झपताल धावदोऱ्यात कसा उतरवावा? सोबत आपट्याच्या पानांचे ठसे

निर्गुडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सुती टेबल रनर करायचा आहे. तयार माप १५० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद. वर पांढरं जाडसर सुती कापड, मधे जुनं मऊ धोतर, खाली खादी, आणि गोधडीसारखा हाताचा धावदोरा. नक्षी बाजारच्या छापावरून घ्यायची नाही. टाक्यांची मांडणी झपतालातून (दहा मात्रांचा ताल) आणि आकार झाडाच्या पानांतून, असं मनात आहे.

तबल्याची किंवा वीणेची चित्रं नकोत. ताल ठाऊक नसलेल्याला कापडात नुसती एक चाल दिसावी, आणि ठाऊक असलेल्याला मोजून झपताल सापडावा.

१) मात्रा (तालाचा एक ठोका), विभाग (मात्रांचा गट), सम (फेऱ्याची पहिली मात्रा), खाली (टाळीऐवजी हात मोकळा दाखवायची मात्रा) हे सगळं टाक्यांत दाखवायचं तर माप कसं धरायचं?
२) सुती कापडावर कोणत्या पानांचे ठसे धुण्यात टिकतात? बरेचसे पहिल्या धुण्यातच फिके पडतात, त्याचं कारण काय?
३) ठसे आणि टाके एकमेकांशी बोलावेत, शेजारी शेजारी नुसते पडून राहू नयेत, यासाठी काय करता येईल?

मात्रामोजणी

झपताल निवडलात हे फार छान. तीनतालात चार-चारचे सारखे विभाग पडतात, त्यामुळे धावदोऱ्यात तो लांबून नुसत्या सरळ रेघेसारखा दिसतो. झपतालात २-३-२-३ हे कमी-जास्त आहे आणि कापडावर ते लगेच डोळ्यांत भरतं.

ठेका: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहाव्यावर.

आता माप. एक मात्रा म्हणजे ६ मिमी: ४ मिमी टाका, २ मिमी मोकळी जागा. विभाग संपला की आणखी २ मिमी सोडा, म्हणजे तिथली फट ४ मिमीची होईल. दोनाचा विभाग १४ मिमी, तीनाचा २०, अर्धं आवर्तन (तालाचा अर्धा फेरा) ३४ आणि पूर्ण आवर्तन ६८ मिमी. तुमच्या १५० सेंमी लांबीत २० आवर्तनं म्हणजे १३६ सेंमी बसतात आणि दोन्ही टोकांना ७-७ सेंमी उरतात. ती रिकामी ठेवू नका, त्यांचं पुढे सांगतो.

सम: पहिल्या मात्रेला टाक्याऐवजी गाठीचा टाका घाला. दोऱ्याचा रंग तोच ठेवा. समेला वेगळा रंग दिला की सगळं लक्ष तिथेच जातं आणि विभाग दिसेनासे होतात.

खाली: इथे बहुतेक जण सहावी-सातवी मात्रा सोडून देतात. मग मागच्या बाजूने दोऱ्याचा १८ मिमीचा लोंबता तुकडा राहतो, तो बोटात, बांगडीत अडकतो आणि तिथे थर एकमेकांपासून सुटतात. त्याऐवजी त्या दोन मात्रांना मोहरीएवढा, जेमतेम १ मिमीचा टाका वर काढा. लांबून जागा मोकळी वाटते, पण थर धरलेले राहतात. आणि तालाच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. खालीला तबला बंद होत नाही, फक्त डग्ग्याचा घुमारा निघून जातो.

ओळींमधलं अंतर ८ मिमी. सगळ्या ओळी समेपासून सुरू केल्या तर समेच्या गाठी एकाखाली एक येऊन उभे पट्टे पडतात. दुसरी, चौथी, सहावी ओळ अर्ध्या आवर्तनाने म्हणजे ३४ मिमीने सरकवा. ती सहाव्या मात्रेपासून सुरू होईल, पाचवीला संपेल आणि लांबी तेवढीच राहील. मग एका ओळीची सम बरोबर शेजारच्या ओळीच्या खालीच्या मात्रेसमोर येते: भरलेल्या जागेशेजारी मोकळी जागा. कापड हलतंय असं वाटतं ते यामुळेच.

पूर्ण रुंदी भरू नका. ४० सेंमीत चाळीसच्या वर ओळी होतील आणि नक्षीचं नुसतं पोत होऊन बसेल. दोन्ही लांब कडांना ९-९ ओळी पुरेत, मधला पट्टा पानांसाठी सोडा.

आधी आलेखवहीवर दोन आवर्तनं पेन्सिलीने काढा. लेहऱ्याचं (तालाचा फेरा दाखवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचं) किंवा तबल्याचं ॲप मिनिटाला ६० मात्रांवर लावा आणि प्रत्येक मात्रेला एक रेघ मारा. हात ठेक्याच्या पुढे धावायला लागला तर लय आणखी कमी करा. शिवताना मात्र ठेक्याबरोबर सुई चालवायच्या भरीस पडू नका. तीन थरांतून सुई काढायला लागणारा वेळ दर टाक्याला वेगळा असतो, आणि ठेका गाठायला गेलं की टाके लांबतात. शिवताना बोल तोंडाने म्हणा, मोजणी आपोआप राहते.

रानपान

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी कारणापासून देतो, कारण ते कळलं की पानं निवडणं सोपं जातं.

सुती धाग्याला बहुतेक वनस्पतींचा रंग आपणहून नीट धरवत नाही, मधे तुरटी किंवा हिराकस (लोहाचा क्षार) लागतो. टिकणारा ठसा बहुधा पानातल्या तुरट द्रव्यामुळे येतो, ज्याने जीभ आवळते तेच. त्याला लोह मिळालं की करडा-काळा रंग धाग्यात पक्का बसतो. म्हणून हिरवंगार रसरशीत पान घेऊन उपयोग नाही. हरितद्रव्य कापडावर थांबत नाही. बीट, जास्वंद, गोकर्ण दिसायला सुंदर, पण कापडासाठी सोडून द्या. हळद उन्हात विटते आणि साबणाने लाल होते.

चांगली उमटणारी पानं: गुलाब, पेरू, डाळिंब, देशी बदाम, निलगिरी, आपटा आणि कांचन. सागाचं अगदी कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात, तुरटीच्या कापडावर त्याचा जांभळट-तांबूस डाग येतो. पण तो पसरतो, नेमकी आकृती हवी असेल तर नको.

कण्हेरीचं पान चुकूनही वाफवू नका, ती विषारी आहे. रुईच्या चिकापासून डोळे जपा, ती या कामात आणूच नका.

कापडाची तयारी (१०० ग्रॅम कोरड्या कापडाचं प्रमाण, कापड आधी तोला आणि त्या हिशोबाने वाढवा):

खळ काढणे: ३ लिटर पाणी, एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा, मंद आचेवर तासभर उकळणे. कोऱ्या पांढऱ्या कापडातूनही पिवळट-तपकिरी पाणी निघतं. तेच तेलकट द्रव्य आणि खळ कापडात राहिली तर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. तुमच्या प्रश्नातलं फिकं पडण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

तुरटी: १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फसफसून वर येतं, भांडं निम्मं रिकामं हवं. कापड बुडेल एवढं पाणी करून रात्रभर भिजत ठेवा, मधेमधे हलवा. सकाळी एकदा खळबळून घट्ट पिळा.

एरवी सुती कापडाला तुरटीआधी हिरडा देतात. इथे देऊ नका. हिरडा म्हणजे सगळ्या कापडभर तुरट द्रव्य. पानाचं लोह जरा जरी पाझरलं तरी तिथे काळं होणार आणि ठशाची कडा जाणार.

पानं: १ लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा हिराकस. पानं त्यात पाच-दहा मिनिटं बुडवून जुन्या फडक्यावर नीट टिपून घ्या. शिरा वर आलेली पानाची पाठ कापडाकडे. पान ओलं ठिबकतं असेल तर ठशाभोवती करडी धूसर कड येते. हिराकस जास्त झाला तर कापड खरखरीत होतं आणि काही काळाने तिथेच विरतं, त्यामुळे गडद रंगाच्या मोहात प्रमाण वाढवू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

गुंडाळणे: पानांवर जुनं ओलसर सुती फडकं, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद. रुंदी मोदकपात्रात मावणार नाही, म्हणून कागद मधे राहील अशी रुंदीत एक घडी घाला आणि पाइपाच्या तुकड्यावर किंवा बांबूवर गुंडाळा. सुतळी वळशाला वळसा लागेल इतकी आवळून. जिथे पान कापडाला चिकटून दाबलेलं नाही तिथे ठसा येतच नाही, नुसता ढग येतो. दोन तास वाफ, मधे पाणी आटतंय का बघत राहा. गार होईपर्यंत सोडू नका. उलगडल्यावर पानं झटकून कापड दोन-तीन दिवस सावलीत न धुता वाळवा, मग सौम्य साबणाने धुवा.

आपट्याची पानं दसऱ्याला घरात आलेली असतात तीच वापरा. सुकली असतील तर रात्रभर पाण्यात ठेवली की पुरेत, झाड ओरबाडायला नको. बाजारात आपटा म्हणून कांचन विकला जातो. दोन्ही जोडपाळ्यांचे, कांचनाचं पान बरंच मोठं. ठशाला दोन्ही चालतात, फक्त तुमच्या मापात कोणतं बसतं ते बघा.

निर्गुडी

रानपानदादा, मात्रामोजणी, दोघांचे आभार. आपट्याच्या पानाला दोन पाळ्या आहेत म्हणजे तो झपतालातल्या दोनाच्या विभागाला बसतो. मग तीनासाठी बेल किंवा पळस घ्यावा का? आणि टोकांच्या ७ सेंमीचं राहिलं.

रानपान

कल्पना सुरेख आहे. बेलाचं पान त्रिदळ असलं तरी त्याच्या ठशाची मला खात्री देता येणार नाही, आणि पळसाची पानं तुमच्या पट्ट्यात मावणार नाहीत, एकेक दल तळहाताहून मोठं असतं. गुलाबाचं पान घ्या. त्याला पाच किंवा सात पर्णिका असतात. टोकाच्या तीन तेवढ्या ठेवून बाकीच्या कात्रीने देठाशी कापा. सात-आठ सेंमीचा त्रिदळ ठसा येतो आणि करवती कडासुद्धा स्पष्ट उमटतात. पूर्ण वाढलेलं, गडद पान हवं. कोवळं लालसर पान वाफेत गळून जातं.

मात्रामोजणी

मग पानांनाही तोच ताल द्या, फक्त पाचपट मोठा. टाक्यात मात्रा ६ मिमीची, पानांत ३० मिमीची. आपट्याचं एक पान म्हणजे दोन मात्रा, जागा ६० मिमी. गुलाबाचं त्रिदळ म्हणजे तीन मात्रा, जागा ९० मिमी. प्रत्येक पानानंतर विभागाचे १० मिमी. आपटा-गुलाब-आपटा-गुलाब हे एक आवर्तन ३४० मिमी, आणि अशी चार आवर्तनं म्हणजे बरोबर १३६ सेंमी. कडेची पाच आवर्तनं होतात तेव्हा मधलं एक पूर्ण होतं आणि दोघांची सम एकाच उभ्या रेषेवर भेटते. विलंबित (संथ लय) आणि द्रुत (जलद लय) एकाच वेळी ऐकू यावं तसं हे दिसेल.

खालीचा आपटा, म्हणजे प्रत्येक आवर्तनातला दुसरा, ठशाशिवाय ठेवा. फक्त पानाची कड धावदोऱ्याने. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं: ठसा नाही तिथे टाका बोलतो.

टोकांसाठी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. झपतालात समेपासून पुढच्या समेपर्यंत, ती सम धरून, ११ मात्रा. तीन मात्रांचा तुकडा तीनदा आणि मधे एकेक मात्रा विश्रांती: ३+१+३+१+३ = ११. तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा टाका समेवर पडतो. ७ सेंमीत ११ मात्रा ६ मिमीने ६६ मिमी. विश्रांतीच्या मात्रा खालीसारख्याच मोहरीएवढ्या टाक्याने, शेवटच्या मात्रेला गाठ. विभागाची जादा फट इथे सोडायची नाही. तिहाई विभाग ओलांडून जाते, तीच तिची मजा. ज्या टोकाला ओळ संपते तिथेच तिहाई करा. सुरुवातीच्या टोकाला साध्या, सारख्या टाक्यांच्या दोन-तीन ओळी, मैफलीआधी तंबोरा चालू असतो तशा.

फक्त सरकवलेल्या ओळींचा घोळ होईल. त्या पाचव्या मात्रेवर संपतात, त्यामुळे त्यांना तिहाई जोडू नका. ९ पैकी १, ३, ५, ७, ९ या ओळींनाच द्या. बाकीच्या चार तिथेच थांबवा.

सुईदोरा

मांडणी वाचून फार आनंद झाला. शिवणीची बाजू जोडते.

तिन्ही थर आधी गरम पाण्यात धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या. जुनं धोतर आटायचं ते आटलेलं असतं, नवी खादी नाही. नंतर आटली तर सगळा रनर चुण्या धरतो आणि ३४ मिमीचा हिशोब कोलमडतो. वरचं कापड कापताना सगळीकडून तीन-चार सेंमी जास्त ठेवा.

पानांच्या जागा खडूने आखू नका, तुरटीच्या पाण्यात पुसल्या जातात. खळ काढून झाल्यावर, कापड आटल्यानंतर, रंगीत दोऱ्याच्या सैल टाक्यांनी खुणा करा. ठसे झाले की उसवून टाका. आधी ठसे, मग थर, मग टाके. उलट केलं तर मधल्या धोतरातही हिराकस उतरतो.

दोरा: सहा पदरी भरतकामाच्या लडीतले दोन पदर. १८ ओळी म्हणजे साधारण २५ मीटर रेघ, टोकांचे टाके, थरांत जाणारा दोरा आणि गाठी धरून ३० ते ३५ मीटर. ८ मीटरच्या लडीतून दोन पदरी २४ मीटर निघतो, म्हणजे दोन लडी. पानांच्या कडांसाठी तिसरी ठेवा, आणि तिन्ही एकाच वेळी, एकाच रंगक्रमांकाच्या घ्या. मीटरभराहून लांब दोरा सुईत ओवू नका, तो पिंजतो. एका ओळीला दोन तुकडे लागतात, जोड अकराव्या आवर्तनाच्या समेवर घ्या, गाठीखाली लपतो.

थर कच्च्या टाक्यांनी धरताना मधून कडेकडे जा, आडवे-उभे तळहाताएवढ्या अंतरावर. शिवणंही मधल्या ओळीपासून बाहेर. कडेपासून आत आलात की मधे फुगा जमतो आणि तो कशानेच बसत नाही.

टाक्यांच्या मापासाठी जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापून तिच्यावर एका आवर्तनाच्या खुणा करा. दर आवर्तनाला पट्टी लावून बघा, दर टाक्याला नको. आवर्तनामागे अर्ध्या मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात शोभतो, पण तो साठत जाऊन विसाव्या आवर्तनाला सेंमीभर होतो, म्हणून समेला परत मापावर यायचं.

तांबट

हिशोब सगळा आला आहे, मी ऐकण्याबद्दल थोडं लिहिते. या रनरनंतर पुढच्या कामासाठी नक्षी कुठून आणायची, तर तालाच्या पुस्तकाआधी खिडकीबाहेर.

तांबट पक्षी वड-पिंपळावर बसून एकसारखं टुक-टुक करतो, अंतरात फरक नाही. तो सरळ धावदोरा. पावशा दर हाकेला सूर चढवत नेतो आणि एकदम थांबतो. त्याची ओळ म्हणजे २, ३, ४, ५ मिमी असे वाढते टाके आणि मग मोकळी जागा. दयाळ एकच गोष्ट पुन्हा तशीच म्हणत नाही, त्याच्यासाठी मोजणी नकोच, पेन्सिल कागदावरून न उचलता तो गातो तोवर रेघ ओढत राहा आणि त्यातला सगळ्यात आवडलेला दोन इंचांचा तुकडा निवडा.

करायचं कसं: पहाटे, डोळे मिटून, एकच आवाज धरा. प्रत्येक आवाजाला एक उभी रेघ, शांततेला तेवढी मोकळी जागा. कागद बघायचा नाही. पानभर झालं की थांबा आणि मग त्यात पुन्हा पुन्हा येणारं अंतर शोधा. बहुतेक वेळा एखादं असतंच. पक्ष्याचं चित्र काढायचा मोह टाळलात तर नक्षी तुमची स्वतःची होते.

रूपकात (सात मात्रांचा ताल) काम करायचं असेल तर सातवीण हे झाड बघा. एका पेरावर गोल बसलेली पानं, पुष्कळदा सात. मोजून सात असलेला झुबका निवडा आणि ३-२-२ अशा तीन छटांत भरा. रूपकाची सम खालीच्या मात्रेवरच असते, म्हणून पहिली तीन फिकी ठेवायची आणि पुढची दोन-दोन गडद.

डोंगरपाडा

वारली चित्रातला तारपा नाच कुणीतरी आणायला हवा होता, म्हणून लिहितो. मधे तारपा वाजवणारा आणि भोवती हात गुंफलेल्या माणसांची सर्पिल ओळ. तारपा स्वतःच दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचा, म्हणजे वाद्यही रानातलं. डहाणूचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर नेली. माणसांच्या आकृत्या उचलून रनरवर लावू नका, ती त्या समाजाची ओळख आहे. त्यातून शिकायचं ते अंतर: ओळ वळते तरी दोन माणसांमधली जागा बदलत नाही.

सर्पिल आखायचं असेल तर १६ मिमी जाडीच्या लाकडी दांडीवर दोरा गुंडाळा, मोकळ्या टोकाला पेन्सिल बांधा, दांडी कापडावर उभी घट्ट धरा आणि दोरा ताणून उलगडत जा. वळणांमधलं अंतर दांडीच्या परिघाएवढं, म्हणजे जवळपास ५ सेंमी येतं. दाट हवं तर दांडी बारीक. दोरा सुती घ्या, नायलॉनचा ताणला जातो आणि शेवटची वळणं पसरतात.

निर्गुडी

आता शेवटचं एकच. तयार झाल्यावर रनर धुवायचा कसा?

रानपान

थंड पाणी, रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, सावलीत वाळवणं. सोडा असलेली धुण्याची पावडर नको, तुरटीवरचे रंग तिने बदलतात. जेवणाच्या टेबलावर ठेवणार असाल तर लिंबाचं लोणचं, ताक, चिंचेचं सार जपून. आंबट थेंबाने लोहाचा करडा ठसा तिथल्या तिथे फिका होतो. सांडलंच तर चोळू नका, लगेच भरपूर पाण्याखाली धरा. आणि ठशाची चाचणी आधी त्याच कापडाच्या वीतभर पट्टीवर करा. आपट्याचं एक पान, गुलाबाचं एक, वाफ तेवढीच दोन तास. पट्टी दोनदा धुऊन ठसा राहिला तरच मोठं कापड भिजवायला घ्या.